लाइट गेल्यावर व्हर्च्युअल मशीन शटडाऊन करावं की आहे त्या अवस्थेत सेव्ह करावं?

लॅबची_किल्ली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची संगणक लॅब मी सांभाळते. सर्व्हर एकच, ६४ जीबी रॅमचा. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे, आणि एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल, म्हणजे आभासी, मशीन्स चालवणारी केव्हीएम आणि लिबव्हर्ट ही सॉफ्टवेअर्स. चार मशीन्स चालतात: एकावर मूडल (ऑनलाइन अभ्यास आणि चाचण्यांची प्रणाली), एकावर मुलांच्या प्रोजेक्टसाठी पोस्टग्रेस डेटाबेस, एक विंडोज, आणि चौथं एम.टेक.च्या मुलांचं. त्या चौथ्यावर त्यांची सिम्युलेशनं दोन-दोन, तीन-तीन दिवस चालू असतात. प्रत्येक मशीनला ८ जीबी रॅम दिली आहे.

वळवाचा पाऊस सुरू झाला की दुपारनंतर लाइटचा भरवसा नसतो. यूपीएस दहा मिनिटं तग धरतो. लाइट गेल्यावर सर्व्हर रीतसर बंद होतो, परत आल्यावर चालू होतो, डेटा कधी गेलेला नाही. पण सिम्युलेशन मात्र मेलेलं असतं. परवा एका मुलाचं जवळजवळ संपत आलेलं काम गेलं आणि त्याला पहिल्यापासून सुरू करावं लागलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

व्हर्च्युअल मशीन आहे त्या क्षणी फाइलमध्ये सेव्ह करून नंतर तिथूनच पुढे चालवता येतं हे वाचून माहीत आहे. प्रश्न असे: यावर विसंबावं का? स्नॅपशॉट आणि हे एकच का? आणि सरसकट चारही मशीन्सना हेच लावावं का?

---

पेजकॅश

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

सेव्ह म्हणजे: मशीन थांबवलं जातं, त्याची सगळी रॅम, सीपीयूचे रजिस्टर आणि प्रत्येक आभासी उपकरणाची अवस्था (नेटवर्क कार्डाच्या रांगेत काय होतं, डिस्क कंट्रोलर कुठल्या विनंतीवर होता, टायमर कुठे आला होता) एका फाइलमध्ये लिहिली जाते आणि मशीन बंद होतं. डिस्कची प्रत निघत नाही. ती आहे तिथे, आहे तशी राहते. परत चालू करताना ती फाइल रॅममध्ये भरली जाते आणि सीपीयू पुढच्या सूचनेपासून कामाला लागतो. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला आपण थांबलो होतो हे कळतही नाही.

स्नॅपशॉटमध्ये डिस्कचा तो क्षणही जपला जातो. रॅमसकट घेतलात तर दोन्ही, नाहीतर नुसती डिस्क.

व्हीएमवेअर याला सस्पेंड म्हणतं, व्हर्च्युअलबॉक्स सेव्ह स्टेट, लिबव्हर्टमध्ये सेव्ह आणि मॅनेज्डसेव्ह. मूळ क्रिया सगळीकडे तीच. क्यूएमूमध्ये (केव्हीएमच्या जोडीने मशीनची आभासी उपकरणं उभी करणारा प्रोग्राम) तर सेव्ह आणि लाइव्ह मायग्रेशन यांचा कोडच एक आहे: चालतं मशीन दुसऱ्या सर्व्हरवर पाठवताना जो प्रवाह नेटवर्कवर जातो तोच इथे फाइलमध्ये जातो. २००५ साली केंब्रिज विद्यापीठातल्या झेन या व्हर्च्युअल मशीन्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मंडळींनी चालू मशीन हलवण्यावर निबंध लिहिला. त्यात क्वेक ३ या खेळाचा सर्व्हर, लोक खेळत असताना, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला होता आणि खंड पडला जेमतेम ६० मिलिसेकंदांचा. सांगायचा मुद्दा, हे तंत्र वीस वर्षं मुरलेलं आहे. विसंबायला हरकत नाही, अटी पाळल्या तर.

---

दुपारची_शिफ्ट

अटींबद्दल पेजकॅश लिहितीलच, पण मी आधीच सांगतो: डेटाबेसचं मशीन सेव्ह करू नका. सरळ शटडाऊन द्या. इतकी वर्षं हेच करत आलोय आणि शांत झोपतोय.

---

पेजकॅश

@दुपारची_शिफ्ट, निष्कर्ष मान्य, कारण थोडं वेगळं मांडतो. पोस्टग्रेस सेव्ह केल्याने बिघडत नाही. रॅम आणि डिस्क एकाच क्षणी थांबलेली असतात, दोघांचा मेळ असतो. पण त्यातून मिळतं काय? पोस्टग्रेसची सगळी खबरदारीच अशी घेतलेली असते की पक्का झालेला प्रत्येक व्यवहार आधी डब्ल्यूएएलमध्ये (डिस्कवरच्या नोंदवहीत) उतरतो. मूडलचंही तसंच: चाचणी सोडवणाऱ्या मुलाची उत्तरं थोड्या थोड्या वेळाने आपोआप डेटाबेसमध्ये जात असतात. म्हणजे जे मोलाचं आहे ते आधीच डिस्कवर आहे. शटडाऊनमध्ये गमावण्यासारखं काही नाही, आणि चालू होताना सगळं स्वच्छ सुरू होतं.

सिम्युलेशनचं मशीन नेमकं उलट. त्याची किंमत सगळी रॅममध्ये आहे. सेव्ह त्याच्यासाठीच.

त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: सरसकट नाही. एकच मशीन सेव्ह करा, तीन शटडाऊन करा.

---

आटपाडी_रूट

वेळेचं गणित कुणी मांडलं नाही, ते मांडतो. आमच्याकडेही लाइटची हीच परिस्थिती, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा.

चारही मशीन्स सेव्ह करायची तर ३२ जीबी डिस्कवर लिहायचे. साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला १२० एमबी लिहिते असं धरा: साडेचार मिनिटं. साटा एसएसडी ५०० एमबीने लिहीत असेल तर मिनिटभर. एकट्या सिम्युलेशनच्या मशीनचे ८ जीबी फिरत्या डिस्कवरही सव्वा मिनिटात उतरतात.

आता यूपीएसची बाजू. तुम्ही नट (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर एक गोष्ट तपासाच. त्याचा अप्समॉन मुळात बॅटरी लो झाल्यावरच शटडाऊन सोडतो. म्हणजे तुमच्या दहा मिनिटांपैकी बहुतेक वाट बघण्यात जातात आणि शेवटच्या काही क्षणांत सगळं उरकायचं असतं. नुसत्या शटडाऊनला ते पुरतं. ८ जीबी लिहायचे असतील आणि बॅटरी जुनी असेल तर पुरेलच असं नाही, आणि अर्धवट लिहिलेल्या फाइलचा काडीचा उपयोग नाही. नटचाच अप्सशेड लावा: लाइट गेल्यावर एक मिनिटाचा टायमर, तेवढ्यात परत आली तर रद्द, नाहीतर लगेच काम सुरू.

फाइलच्या आकाराबद्दल एक बारकावा. क्यूएमू रॅमची शून्यांनी भरलेली पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) पूर्ण लिहीत नाही, म्हणून नव्या मशीनची फाइल छोटी दिसते. आठवडाभर चाललेल्या लिनक्समध्ये मात्र मोकळी रॅम डिस्क-कॅशने भरलेली असते आणि फाइल ८ जीबीच्या आसपास जाते. सेव्हच्या आधी आत जाऊन ड्रॉप कॅशेस (कॅश मोकळी करण्याची आज्ञा) करा असा सल्ला बरेच जण देतात. त्याने फाइल लहान होत नाही! कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ते पान मोकळं म्हणून नोंदवतो, पण त्यातला जुना मजकूर पुसत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्या क्यूएमूला ते भरलेलंच दिसतं. बलून ड्रायव्हरने (मशीनच्या आत बसून तिची रॅम परत घेणारा) रॅम परत घेतली तर ती पानं खरोखर होस्टला, म्हणजे मूळ सर्व्हरला, मिळतात आणि फाइल आटते.

---

हरभरा_भाजी

वाचतोय. प्रश्न साधा आहे: मी व्हर्च्युअलबॉक्स वापरतो आणि लॅपटॉप बंद करताना नेहमी सेव्ह स्टेट करतो. एकदा 'सेव्ह्ड' मशीन चालूच होईना, कुठलीशी त्रुटी येत होती. ती .सॅव्ह फाइल काढून टाकली तर डिस्कमधलंही जातं का?

---

आटपाडी_रूट

नाही जात. मेनूमधून 'डिस्कार्ड' करा, हाताने फाइल उडवू नका. परिणाम चालू मशीनची वायर उपटल्यासारखा: न साठवलेलं काम गेलं, डिस्कवर जे होतं ते आहे, फाइल सिस्टिम पुढच्या वेळी आपली जर्नल (बदलांची नोंदवही) वाचून सावरते.

---

निळीशाई

पेजकॅश ज्या अटींबद्दल बोलले त्यातली सगळ्यात महत्त्वाची अजून कुणी लिहिली नाही, आणि ती ठळक अक्षरात यायला हवी: सेव्ह केलेली फाइल एकदाच वापरायची.

लिबव्हर्टमध्ये दोन आज्ञा आहेत. 'व्हिर्श मॅनेज्डसेव्ह' फाइल स्वतःच्या ताब्यात ठेवते, /व्हार/लिब/लिबव्हर्ट/क्यूएमू/सेव्ह मध्ये. नेहमीसारखं 'व्हिर्श स्टार्ट' दिलं की मशीन तिथूनच पुढे चालू होतं आणि फाइल आपोआप पुसली जाते. दुसरी 'व्हिर्श सेव्ह': तुम्ही सांगाल त्या जागी फाइल ठेवते, आणि 'व्हिर्श रिस्टोअर' केल्यावरही ती तिथेच राहते. महिन्याभराने कुणीतरी ती बघतं, 'अरे वा, जुनी चांगली अवस्था' म्हणतं आणि पुन्हा रिस्टोअर करतं.

तेव्हा आत काय होतं ते सांगते, कारण 'करू नका' एवढ्याने कुणी ऐकत नाही.

फाइलमधल्या रॅममध्ये महिन्यापूर्वीच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमचं चित्र आहे: कुठले ब्लॉक मोकळे, कुठली फाइल कुठल्या ब्लॉकवर, जर्नल कुठवर आली. दरम्यान डिस्क महिनाभर पुढे गेलेली आहे. तेव्हा मोकळा असलेला ब्लॉक आता कुणाच्या तरी प्रबंधाचा भाग आहे. जागं झालेल्या कर्नलला हे माहीत नाही. त्याला वाटतं डिस्क आपण सोडली तशीच आहे, म्हणून तो ती पुन्हा वाचतही नाही. पहिल्या काही सेकंदांतच लॉग लिहायला 'मोकळा' ब्लॉक घेतो आणि त्या प्रबंधावर लिहितो. मग जुन्या बिटमॅपचं (कुठले ब्लॉक मोकळे याच्या नकाशाचं) पान डिस्कवर उतरतं, नव्या बिटमॅपच्या जागी. मशीन व्यवस्थित चालताना दिसतं! तास-दोन तासांनी कुठल्याशा डिरेक्टरीत कचरा दिसायला लागतो आणि एफएससीके (फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी आज्ञा) चालवल्यावर सगळं लॉस्ट+फाउंडमध्ये, म्हणजे बेवारस तुकड्यांच्या डिरेक्टरीत.

लिबव्हर्टच्या कागदपत्रांत हा इशारा स्पष्ट आहे: डिस्कही त्याच क्षणावर परत नेली नसेल तर तीच फाइल दुसऱ्यांदा वापरू नये. म्हणून ताई, मॅनेज्डसेव्हच वापरा. आणि मशीन सेव्ह अवस्थेत असताना त्याची डिस्क दुसरीकडे जोडून 'जरा एक फाइल काढून घेतो' असंही कुणाला करू देऊ नका. नुसती माउंट केली तरी जर्नल चालवली जाते आणि डिस्क बदलते.

---

दुपारची_शिफ्ट

निळीशाई, उत्तम लिहिलंत. कुणी समजावलं की पटतं.

स्नॅपशॉटला हा धोका नाही कारण तिथे डिस्कही मागे जाते, पण तिथेही फट आहेच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एखादी डिस्क 'राइटथ्रू' ठेवली असेल तर ती स्नॅपशॉटमध्ये येत नाही. रॅम मागे जाते आणि ती डिस्क पुढेच राहते. क्यूएमूचं सेव्हव्हीएम (स्नॅपशॉटची आज्ञा) त्या मानाने कडक: लिहिता येणारी एखादी डिस्क जरी रॉ प्रकारची (जिच्यात स्नॅपशॉट ठेवता येत नाही अशी) असली तरी ते सरळ नकार देतं. हा कडकपणा मला आवडतो.

---

पेजकॅश

आता घड्याळ. मशीन दुपारी ३ ला सेव्ह झालं आणि संध्याकाळी ७ ला उठलं तर आत अजून ३ च वाजलेले असतात. क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) हे चार तास आपोआप भरून काढेल असं वाटतं, पण डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये 'मेकस्टेप १ ३' असतं: म्हणजे सेवा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन नोंदींतच घड्याळाला उडी मारायची परवानगी. आपलं मशीन तर सुरू झालंच नाही, ते जागं झालं. मग क्रोनी घड्याळ हळूहळू ओढत बसतो आणि चार तासांची तूट भरायला फार वेळ जातो. तोवर फाइलींच्या वेळा चुकीच्या, लॉग चुकीचे. 'मेकस्टेप १ -१' करा, म्हणजे उडी केव्हाही मारता येते.

होस्टकडून वेळ ढकलायची सोयही आहे ('व्हिर्श डोमटाइम', सोबत सिंकचा पर्याय), त्यासाठी मशीनच्या आत क्यूएमू गेस्ट एजंट हा मदतनीस प्रोग्राम हवा.

दुसरं, नेटवर्कवरची जोडणी वाचत नाही. मुलाचं एसएसएच (दुरून केलेलं लॉगिन) तुटणार, म्हणून सिम्युलेशन टीमक्समध्येच (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारं साधन) चालवायची सवय लावा. कोड जर मधेमधे पोस्टग्रेसमध्ये निकाल लिहीत असेल तर ती जोडणीही मेलेली असेल (पोस्टग्रेस आपण मुद्दाम शटडाऊन करतोय), तेव्हा पुन्हा जोडायची तजवीज कोडमध्ये हवी. नाहीतर मशीन वाचेल आणि सिम्युलेशन पहिल्याच इन्सर्टला पडेल.

---

कर्नलपान

सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू होतोय, म्हणून हेही बघा. सेव्ह आणि रिस्टोअर यांच्यामध्ये होस्टचा सीपीयू 'बदलू' शकतो, तोच प्रोसेसर असूनही. २०२१ मध्ये इंटेलने काही प्रोसेसरांमधली टीएसएक्स नावाची एक सोय मायक्रोकोडमधून (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरमधून) बंद केली. मशीनला होस्ट-पासथ्रू (होस्टचा सीपीयू जसाच्या तसा दाखवणं) दिलं होतं, ते टीएसएक्स दिसत असताना सेव्ह झालं, रीबूटमध्ये नवा मायक्रोकोड चढला, आणि उठताना लिबव्हर्ट म्हणतो की एचएलई आणि आरटीएम (टीएसएक्सचे दोन भाग) सापडत नाहीत. सेव्ह केलेल्या अवस्थेला जे वैशिष्ट्य दिसत होतं ते असायलाच हवं, त्याला तडजोड नाही. एखादं नाव असलेलं सीपीयू मॉडेल द्या, गती थोडी इकडेतिकडे होईल पण असले प्रसंग टळतात. इंटेलवर सेव्ह करून एएमडीवर उठवायचा विचार तर सोडूनच द्या.

क्यूएमूची आवृत्ती वाढली तर चालतं, कारण मशीनचा प्रकार (पीसी-क्यू३५-७.२ असा काहीतरी) मशीनच्या वर्णनाच्या एक्सएमएल फाइलमध्ये कोरलेला असतो. नव्यावरून जुन्यावर जायचं झालं तर मात्र अडतं.

---

अनामिका_क्यू

फाइल एकदाच वापरायची, यामागे आणखी एक कारण आहे आणि ते माझ्या कामाचं आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही: यादृच्छिक संख्या.

रॅममध्ये रँडम जनरेटरची अवस्थाही असते. एकच फाइल दोनदा उठवली तर दोन्ही मशीन्स 'यादृच्छिक' म्हणून तोच आकडा काढू शकतात. २०१० मध्ये रिस्टेनपार्ट आणि यिलेक यांनी दाखवलं की स्नॅपशॉटवर परत गेलेल्या मशीनमधून याच कारणाने टीएलएस (एनक्रिप्टेड जोडणीची) सत्रं उघडी पडू शकतात, एवढंच काय, सर्व्हरची डीएसए (डिजिटल स्वाक्षरीची) खाजगी किल्लीही काढता येते. यावर उपाय म्हणून व्हीएम जनरेशन आयडी आला: हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन्स चालवणारं सॉफ्टवेअर) मशीनला एक क्रमांक दाखवतो आणि मशीन मागच्या अवस्थेवर नेलं की तो बदलतो. विंडोज सर्व्हर २०१२ ने तो अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी वाचवायला वापरला. लिनक्स कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर २०२२ च्या ५.१८ मध्ये आला आणि तो बदल दिसताच जनरेटर नव्याने भरतो. त्याच वर्षी अ‍ॅमेझॉनने लॅम्डा या कोड चालवून देणाऱ्या सेवेसाठी स्नॅपस्टार्ट आणलं, ज्यात एकाच साठवलेल्या अवस्थेतून कितीतरी प्रती उठतात. तिथे हा प्रश्न रोजचा आहे.

ताईंच्या मॅनेज्डसेव्हमध्ये एक फाइल एकदाच उठते, त्यामुळे ही काळजी नाही. दुसरी आहे: त्या फाइलमध्ये रॅममधलं सगळं असतं. पासवर्ड, उघडलेल्या एनक्रिप्टेड डिस्कची किल्ली, सगळं उघडं. ती रूटशिवाय कुणाला वाचता येऊ नये, आणि बॅकअपच्या पेनड्राइव्हवर तर अजिबात जाऊ नये.

---

लॅबची_किल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. निळीशाईंचा प्रतिसाद छापून लॅबमध्ये लावते.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायची राहिली: एम.टेक.च्या मशीनला ग्राफिक्स कार्ड पीसीआय पासथ्रूने दिलेलं आहे. दोन मुलं त्यावर पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीत मॉडेल शिकवतात, बाकीच्यांची सिम्युलेशनं नुसत्या सीपीयूवर चालतात. आज मॅनेज्डसेव्ह करून बघितलं तर नकारच आला.

---

पेजकॅश

येणारच. आभासी उपकरणाची अवस्था क्यूएमूला माहीत असते कारण ते उपकरण त्यानेच रंगवलेलं असतं. खरं कार्ड मशीनच्या हवाली केल्यावर त्याच्या पोटातल्या मेमरीत काय चाललंय हे क्यूएमूला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते तो साठवणार कसं? अर्धवट साठवण्यापेक्षा नकार बरा.

मशीन दोन करा. सीपीयूवरच्या सिम्युलेशनसाठी कार्डाशिवाय एक, ते सेव्ह करा. कार्ड असलेलं वेगळं, ते शटडाऊन. त्यातल्या दोघांना ठरावीक टप्प्यांनी टॉर्च.सेव्ह वापरायला सांगा: मॉडेलचे वेट्स, ऑप्टिमायझरची (वेट्स सुधारत नेणाऱ्या भागाची) अवस्था आणि टप्पा क्रमांक. नुसते वेट्स साठवून ऑप्टिमायझर विसरतात बरेच जण, मग अ‍ॅडम या ऑप्टिमायझरच्या जमवलेल्या सरासऱ्या शून्यावर येतात आणि पुढे चालू केल्यावर लॉस (चुकांचं माप) उसळतो. आणि आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलायचं, म्हणजे लिहिता लिहिता लाइट गेली तरी मागची प्रत शाबूत.

खरं तर सिम्युलेशनवाल्यांनाही हेच शिकवायला हवं. आपला प्रोग्राम आपली अवस्था स्वतः लिहीत असेल तर दुसऱ्या सीपीयूवर, दुसऱ्या सर्व्हरवर, सहा महिन्यांनीही उठतो. मशीन सेव्ह करणं हे ज्यांचा कोड अजून तिथवर आलेला नाही त्यांच्यासाठी.

---

दुपारची_शिफ्ट

+१. शेवटच्या परिच्छेदासाठी वाचनखूण साठवली.

---

लॅबची_किल्ली

मंडळी, रविवारी लॅब रिकामी असताना यूपीएसची वायर काढून पाहिलं. मांडणी लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

अप्सशेडमध्ये एक मिनिटाचा टायमर. तो संपला की माझी स्क्रिप्ट आधी सिम्युलेशनचं मशीन मॅनेज्डसेव्ह करते, मग सर्व्हरला शटडाऊन सांगते. लिबव्हर्ट-गेस्ट्स (सर्व्हरसोबत मशीन्स बंद-चालू करणारी सेवा) च्या फाइलमध्ये 'ऑन_शटडाऊन=शटडाऊन' ठेवलं आणि समांतर शटडाऊन तीनवर, त्यामुळे उरलेली मशीन्स एकामागून एक रखडत नाहीत. सीपीयूला नाव असलेलं मॉडेल दिलं. क्रोनीत 'मेकस्टेप १ -१'.

लाइट परत जोडल्यावर मूडल, पोस्टग्रेस, विंडोज आणि कार्डवालं मशीन व्यवस्थित वर आली, पण सेव्ह केलेलं तसंच 'सेव्ह्ड' दिसत पडून होतं. हाताने स्टार्ट दिल्यावर टीमक्समध्ये सिम्युलेशन जिथे थांबलं होतं त्याच्या पुढच्या ओळीपासून चालू झालं! ज्या मुलाचं काम गेलं होतं त्याला फोन करून सांगितलं. पण आपोआप का उठलं नाही?

---

आटपाडी_रूट

लिबव्हर्ट-गेस्ट्स फक्त त्याने स्वतः बंद केलेल्या मशीन्सची यादी ठेवतो आणि तीच परत उठवतो. हे तुमच्या स्क्रिप्टने आधीच झोपवलं, म्हणून यादीत नाही. त्या मशीनला 'व्हिर्श ऑटोस्टार्ट' लावा. सेव्ह केलेली अवस्था असेल तर ऑटोस्टार्ट तिथूनच उठवतो.

आणि त्याच कारणाने लिबव्हर्ट-गेस्ट्समधलं घड्याळ जुळवणारं 'सिंक_टाइम' या मशीनला लागू होणार नाही, म्हणून क्रोनीतला बदल राहू द्या.

---

लॅबची_किल्ली

लावलं, पुन्हा वायर काढून पाहिली, आपोआप उठलं. वेळही बरोबर. पायटॉर्चवाल्या दोघांना उद्या ऑप्टिमायझरचं सांगते.